विहारयात्रेकडून धर्मयात्रेकडे

(पालघर-बोईसर परिसरातील कुटुंबांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुट्टीचे दिवस जवळ आले की बोईसर, पालघर आणि तारापूरच्या वसाहतींतून घरोघर एकच प्रश्न विचारला जातो, 'यंदा जायचे कुठे?' उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. कुणी वॉटर पार्क सुचवतो, कुणी समुद्रकाठचे रिसॉर्ट. ज्याची ऐपत अधिक, तो परदेशगमनाचे बेत आखतो. आठवडाभर कारखान्यात आणि लोकलच्या गर्दीत पिचलेल्या माणसाला विसावा हवा असतो, यात वावगे काही नाही. परंतु 'जायचे कुठे आणि कशासाठी' या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्याच्या मातीत तेवीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ते उत्तर सापडले सोपाऱ्याला. प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि ठाणे जिल्ह्यातले हे पुरातन बंदर पालघरच्या नकाशात आले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ मध्ये नवव्या शिलालेखाचाही भाग याच परिसरात हाती आला.

या आठव्या लेखाचा विषयच मुळी सहल हा आहे! देशात इतरत्र मिळालेल्या त्याच्या पूर्ण प्रतींवरून आशय स्पष्ट होतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मौजेसाठी, मृगयेसाठी बाहेर पडत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीचे, म्हणजे बोधगयेचे, दर्शन घेतले आणि तेव्हापासून त्याच्या प्रवासाला धर्मयात्रेचे रूप आले. या यात्रेत काय करायचे, तेही लेखात सांगितलेले आहे. श्रमणांचे आणि ब्राह्मणांचे दर्शन घेऊन त्यांना दान द्यायचे, वृद्धांची भेट घेऊन त्यांच्या निर्वाहाची तजवीज करायची, जनपदातल्या लोकांना भेटायचे आणि त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचे. राजा म्हणतो की, यातून मिळणारा आनंद पहिल्या आनंदाहून मोठा आहे.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, अशोकाने प्रवास सोडला नाही आणि आनंदही सोडला नाही. त्याने प्रवासाला अधिष्ठान दिले. विहारयात्रेत मनुष्य स्थळाचा उपभोग घेऊन परततो. धर्मयात्रेत त्याचे त्या स्थळाशी आणि तेथल्या माणसांशी नाते जडते. एवढ्या एका भेदावर आजच्या विषयाची मांडणी उभी आहे.

कोरियातील एक दिवस

हा भेद आजही जपणारा एक देश पाहण्यासारखा आहे. कोरियन परंपरेनुसार इसवी सन ३८४ मध्ये मरानंद नावाचा भारतीय भिक्षू बेक्चे राज्यात पोहोचला आणि त्याने तेथे बुद्धधर्म नेला. तेराव्या शतकात इर्योन नावाच्या भिक्षूने लिहिलेल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात याहून जुनी एक कथा आहे. 'आयुता' देशाची राजकन्या सागर ओलांडून आली आणि गया राज्याच्या सुरो राजाची राणी झाली. तीच राणी हो ह्वांग-ओक. आयुता म्हणजे अयोध्या, असे अनेक कोरियन मानतात. इतिहासकारांत याविषयी मतभेद आहेत. तथापि या राणीला आपली आदिमाता मानणाऱ्या कोरियन घराण्यांनी २००१ साली शरयूतीरी अयोध्येत तिचे स्मारक उभे केले आणि तेथील लोक आजही भक्तिभावाने त्या स्थानी येतात. एका कथेच्या धाग्याने एक समाज हजारो मैलांवरच्या भूमीशी नाते सांगतो, ही लहान गोष्ट नव्हे.

त्या देशात एक दिवसाची सहल कशी असते? ग्योंगजू ही सिल्ला राज्याची जुनी राजधानी. तेथील बुल्गुक्सा मंदिर आणि डोंगरातले सोक्कुराम लेणे १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. शाळांच्या मुलांच्या रांगा तेथे नित्य दिसतात. कोरियातल्या डोंगरी मंदिरांकडे जाणारी वाट बहुधा वृक्षांच्या छायेतून जाते. वाटेवर पहिले दार लागते, त्याचे खांब एकाच ओळीत उभे असतात. मन एकाग्र करूनच आत यावे, असा त्याचा अर्थ. सोलच्या छांगदोक राजवाड्यामागे मोठे उद्यान आहे. त्यात कमळांचे तळे आहे आणि तळ्याकाठच्या वास्तूत एके काळी राजाचा ग्रंथसंग्रह होता. या उद्यानात मार्गदर्शकाबरोबर, मर्यादित संख्येनेच प्रवेश दिला जातो. बाग, विद्या आणि उपासना ही तेथे तीन वेगळी दालने मानलेली नाहीत.

हे सारे त्यांना सुखासुखी लाभलेले नाही. बुल्गुक्सा १५९३ मध्ये जपानी आक्रमणात जळाले. ते पुन्हा उभारले गेले, पुन्हा पडझड झाली आणि १९६९ ते १९७३ या काळात त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. मंगोल स्वाऱ्यांच्या काळात कोरलेले त्रिपिटकाचे ऐंशी हजारांहून अधिक लाकडी ठसे हेइन्सा मंदिरात आजही सुरक्षित आहेत. २००२ मध्ये विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी जग कोरियात लोटले, तेव्हा त्या समाजाने पाहुण्यांना मंदिरांत मुक्कामाला बोलावले. पहाटेची उपासना, मौन आणि पंगतीतले साधे भोजन त्यांनी अनुभवावे, अशी योजना होती. ती आजतागायत चालू आहे. आधुनिक कारखानदारीत अग्रेसर असलेल्या या राष्ट्राला आपल्या मंदिरांची आणि बागांची अडचण वाटली नाही. औद्योगिक वसाहतीच्या छायेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी एवढा एक धडा मनाशी धरावा.

वाडी आणि गाभारा

आता आपल्या अंगणाकडे वळू. उद्यान आणि देवस्थान यांची जोडी कोरियात पाहावी लागते असे थोडेच आहे? पालघरहून केळव्याला जावे. नारळी-पोफळीच्या, केळीच्या वाड्या, त्यांना लागून पानमळे आणि पुढे समुद्राकाठची सुरूची झाडे. केळवे-माहीमचे विड्याचे पान एके काळी रेल्वेने दूरदूरच्या बाजारांत जात असे. या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या समाजाने वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात ही हिरवाई उभी केली.

पूजेचे तबक डोळ्यांपुढे आणावे. नारळ, सुपारी, विड्याची पाने, केळी आणि फुले. यातली एकेक वस्तू या किनाऱ्याच्या वाड्यांत पिकते. वसईकडची फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जातात आणि मुंबईतल्या हजारो देव्हाऱ्यांत पोहोचतात. म्हणजे देवळाचे एक टोक गाभाऱ्यात आणि दुसरे टोक वाडीत आहे. वाडी उजाड झाली तर तबकही रिकामे होईल. शहरातल्या मुलाला नारळ दुकानात मिळतो एवढेच ठाऊक असते. त्याला माडाखाली उभे करून शिंपण्याचे पाट दाखवणे, वाडीतल्या आजोबांशी दोन शब्द बोलायला लावणे, हा पूजेचाच पूर्वार्ध होय. अशोकाच्या लेखातले 'वृद्धांचे दर्शन' ते याहून वेगळे काय असणार?

केळव्याच्या शीतलादेवीचे मंदिर आणि त्यालगतचे रामकुंड हे या परिसराचे श्रद्धास्थान. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला, असे परंपरा सांगते. शेजारचे माहीम हेच 'महिकावतीच्या बखरी'तले महिकावती, असे मानले जाते. ही बखर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. परचक्राखाली दबलेल्या समाजाला आपला कुलधर्म आणि वंशवृत्तान्त लिहून ठेवावासा वाटला, हीच त्या ग्रंथामागची प्रेरणा आहे.

केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर ही किल्ल्यांची माळ याच किनाऱ्यावर आहे. वसई प्रांतावर १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल होता. देवळे पाडली गेली, उत्सव बंद पडले, अनेक कुटुंबांनी देव घेऊन घर सोडले. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये हे किल्ले एकामागून एक मराठ्यांच्या हाती आले. तारापूरच्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. मे महिन्यात वसई पडली. आज केळव्याच्या किनाऱ्यावर घोडागाडीतून फेरफटका मारणाऱ्या कुटुंबाने मुलाला एवढे सांगितले, तरी त्या वाळूचा स्पर्श त्याला वेगळा वाटू लागेल.

चिंचणीचे ताम्रपट

तारापूरची खाडी ओलांडली की चिंचणी. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतून तेथे जायला अर्धा तासही पुरे होतो. या गावी १९५५ च्या सुमारास काही ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकार यांच्यासारख्या थोर पुराभिलेखतज्ज्ञाने त्यांचे वाचन केले. यातला एक ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र तेव्हा राज्य करीत होता. संयान, म्हणजे आजचे संजाण, हे या मंडलाचे मुख्य ठाणे होते. तेथला अधिकारी ताजिक, म्हणजे अरब होता. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमति' असे संस्कृतात येते. 'मोहम्मद' या नावाचे ते संस्कृत रूप असल्याचे विद्वान मानतात. या अधिकाऱ्याच्या अनुमतीने देवीच्या मठाला जमीन दिली गेली. मठाची डागडुजी आणि देवीचा नैवेद्य त्या उत्पन्नातून चालावा, अशी योजना होती. त्यानेच प्रवाहांवर विनामूल्य नावेची सोय केली आणि संयानला अन्नछत्र घातले, असेही ताम्रपट सांगतो. तेथे वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळे.

या दानाचे मर्म समजून घेतले पाहिजे. उपासनापद्धती कोणतीही असो, या भूमीत अधिकारपदावर बसणाऱ्याने येथल्या देवस्थानाचा मान राखावा आणि वाटसरूची चिंता वाहावी, हा राजधर्म त्या काळी सर्वमान्य होता. याच परंपरेत पारशी बांधवांना संजाणला आश्रय मिळाला. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातल्या बहरोटच्या लेण्यांत जपला, असे त्यांची परंपरा सांगते. घोलवडच्या चिकूवाड्यांत हिंडताना बहरोटचा डोंगर दाखवून मुलांना हे सांगावे. चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला. येथल्या मातीने त्याला असे आपलेसे केले की २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. ही भूमी रोपांना आणि माणसांना एकाच रीतीने रुजवते, याचे इतके सुंदर उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

चिंचणीचा आणखी एक ताम्रपट शिलाहार काळातला, शके ९५६ चा, म्हणजे इसवी सन १०३४ चा आहे. त्यात दान आहे एका तेलघाण्याचे. घाण्याचे तेल कशासाठी? भगवतीपुढच्या दिव्यासाठी आणि मठात येणाऱ्या स्वाध्यायी जनांच्या पायांना लावण्यासाठी. पायी हिंडणाऱ्या विद्वानांचे, साधूंचे पाय भेगाळलेले असत. त्यांना तेल मिळावे म्हणून राजाने घाणा लावून दिला! देवीचा दिवा आणि अतिथीचा थकलेला पाय यांना एकाच घाण्याचे तेल. हिंदू समाजाने अतिथीला देव का म्हटले, याचे उत्तर या एका ताम्रपटात आहे.

चिंचणीच्या रस्त्याने रोज कंपनीच्या बसमधून जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ही हकीकत ठाऊक आहे? १९६९ साली कार्यान्वित झालेल्या देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राचा अभिमान येथल्या प्रत्येकाला आहे आणि तो असायलाच हवा. त्याच अभिमानाच्या शेजारी या दिव्याला जागा का नसावी?

देवी खाली उतरली

या दिवसाची पूर्तता विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपाशी व्हावी. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत चारोटीजवळ हे स्थान आहे. मूळ स्थान उंच डोंगरावर. कथा अशी सांगतात की, एक वनवासी भक्त स्त्री गरोदर असतानाही नेमाने डोंगर चढत असे. एके दिवशी ती वाटेत थकून बसली. देवीला तिची दया आली. यापुढे तू वर यायचे नाहीस, मीच खाली येते, असे सांगून देवी पायथ्याशी आली. चैत्र पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. डोंगरावर ध्वज लावण्याचा मान वनवासी पुजाऱ्याचा असतो आणि जव्हारच्या मुकणे राजघराण्याचेही या उत्सवाशी परंपरेचे नाते आहे. मुंबईचे व्यापारी, किनाऱ्यावरचे मच्छीमार, वारली, कोकणा, मल्हार कोळी, गुजरातेतले भाविक, सारे एका रांगेत उभे राहतात. समरसता या शब्दावर भाषणे पुष्कळ होतात. ती पाहायची असेल तर या रांगेत उभे राहावे.

आणि महामार्गावरून दर्शन घेऊन लगेच मोटार वळवू नये. आत पाड्यापर्यंत जावे. वारली घरात लग्न असते तेव्हा सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी लग्नविधी लावते. दिवाणखान्यात टांगायला आपण ज्याला 'वारली पेंटिंग' म्हणून विकत घेतो, ते मुळात देवीचे आवाहन आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगापुढे नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतले झाड, मासळीचे जाळे, तारप्याभोवती फिरणारा नाच, हे सारे त्या पाड्यांत जगले जाते. अशोकाच्या लेखातले 'जनपदातल्या लोकांचे दर्शन' ते हेच.

येथे एक कठोर गोष्ट बोलणे भाग आहे. १६ एप्रिल २०२० रोजी याच डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. मुले पळवणारे चोर आल्याची अफवा पसरली होती आणि पोलिसांच्या देखत ते घडले. ज्या भूमीत साधूच्या पायांना लावण्यासाठी तेलाचा घाणा दान दिला गेला, त्याच भूमीत साधूची वस्त्रे कुणाला ओळखता आली नाहीत! गुन्हेगारांना शासन झालेच पाहिजे. पण समाजाचे काम त्यापुढे सुरू होते. अफवा तेथेच पसरते, जेथे ओळख नसते. चारोटीच्या महामार्गावरून सुसाट जाणारे आणि रस्त्यापासून आत राहणारे यांच्यात वर्षानुवर्षे बोलणेच झालेले नसेल, तर ती पोकळी कुणी ना कुणी भरणारच. माधवराव काणे यांनी तलासरीत जाऊन वनवासी मुलांसाठी वसतिगृहाचे काम उभे केले, ते ही पोकळी ओळखूनच. सर्वांना आयुष्य वाहता येत नाही. परंतु वर्षातला एक रविवार देता येतो.

दोन रविवार

एका दिवसात हे सारे पाहण्याची घाई करू नये. दोन रविवार ठरवावेत. पहिला दक्षिणेचा. २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाडी धावते. तिने नालासोपारा गाठावे आणि बुरुड राजाच्या कोटाचा स्तूप पाहावा. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आतल्या दगडी पेटीत तांबे, चांदी, स्फटिक आणि सोने यांच्या एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या. सर्वांत आत भिक्षापात्राचे लहानसे तुकडे होते. भोवती आठ बुद्धमूर्ती होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोन्याच्या डबीत सोने जपलेले नव्हते, एका भिक्षूच्या पात्राची खापरे जपलेली होती, हे मुलांना आवर्जून सांगावे. तेथून निर्मळचे शंकराचार्यांचे समाधिस्थान करून परतताना केळव्याला उतरावे. बुद्ध आणि शंकराचार्य यांची स्थाने एकाच फेरीत, एकाच श्रद्धेने पाहता येतात, हे या जिल्ह्याचे भाग्य आहे.

दुसरा रविवार उत्तरेचा. तारापूरचा किल्ला, चिंचणी, विवळवेढे, एखादा वारली पाडा आणि सायंकाळी घोलवड-बोर्डीची चिकूवाडी. शिदोरी घरची असावी आणि ती पाड्यावरच्या कुटुंबाबरोबर बसून खावी. निघताना प्लॅस्टिकचा एक कपटाही मागे राहू नये.

सहलीबरोबर प्रत्येक कुटुंबाने एक वही ठेवावी. आपल्या गावची देवस्थाने, वेशीवरचे वीरगळ, शेंदूर लावलेले गावदेव, जुनी तळी, विहिरी, जुनी झाडे आणि त्यांच्या कथा सांगणारे वृद्ध यांची नोंद त्यात व्हावी. हे काम तातडीचे आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. जलदगती रेल्वे आणि महामार्ग याच जिल्ह्यातून जात आहेत. राष्ट्राला बंदरे हवीत. शूर्पारक हेही बंदरच होते आणि त्याच्या वैभवातूनच स्तूप उभा राहिला. परंतु जमीन खणली जाण्यापूर्वी त्या जमिनीवर कोणता देव बसला आहे आणि कोणाची वाडी फुललेली आहे, हे लिहून ठेवणारे कुणी तरी हवे. ज्याची नोंद नाही, त्याची बाजू कोणत्याही कचेरीत मांडता येत नाही. अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या गावांच्या आठवणी सांगणारी पिढी अजून हयात आहे. वहीचे पहिले पान त्यांच्यापासून सुरू करावे.

सोपाऱ्याच्या शिलेचा एवढाच तुकडा उरला आहे. त्यावरचा आशय पुरा करण्यासाठी विद्वानांना इतर ठिकाणच्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. आपल्या मुलांना आपला वारसा असा परक्या प्रतींवरून वाचावा लागू नये. येत्या चैत्र पौर्णिमेला महालक्ष्मीच्या डोंगरावर ध्वज चढेल, तेव्हा पायथ्याच्या रांगेत बोईसर-तारापूरच्या वसाहतीतली कुटुंबे शिदोरी आणि वही घेऊन उभी असावीत, एवढीच प्रार्थना.